दिवा खरंच लागलाय का? दिव्याच्याच करंटवर चालणारा इंडिकेटर कसा बनवायचा

जिन्याखाली एक अडगळीची खोली आहे, तिचा स्विच बाहेर आणि दार कायम बंद, त्यामुळे आत दिवा चालू राहिलाय की बंद केलाय हे बाहेरून कळायला मार्ग नाही. म्हणून स्विचशेजारी एक छोटा लाल निऑन इंडिकेटर लावलेला होता. बरीच वर्षं तो बरोबर काम करतोय असंच मी धरून चाललो होतो, मग एकदा आतला बल्ब उडाला आणि बाहेरचा इंडिकेटर मात्र तसाच लाल, मी दार उघडून सरळ पाय टाकला तर आत काळोख आणि वाटेत खोकं, गुडघा चांगलाच सडकला. तेव्हा नीट लक्षात आलं की तो इंडिकेटर मला दिव्याबद्दल काहीच सांगत नव्हता, तो फक्त स्विच ऑन आहे एवढंच सांगत होता.

कारण सोपं आहे. असा इंडिकेटर दिव्याला पॅरलल असतो, म्हणजे दिव्याच्या दोन्ही वायरांना वेगळा जोडलेला, त्यामुळे स्विचच्या पुढे व्होल्टेज आलं की तो लागतो, मग पुढे बल्ब असो, उडालेला असो नाहीतर होल्डर रिकामा असो. दिवा लागलाय हे ज्याच्यावरून खरं कळतं ती गोष्ट म्हणजे करंट. फिलामेंट तुटलं की करंट शून्य, होल्डरमध्ये लूज कॉन्टॅक्ट झाला की करंट शून्य, मधे कुठे वायर तुटली तरी शून्य. म्हणून इंडिकेटर त्या करंटवरच चालला पाहिजे. आणि यात एक मोठा फायदा आपोआप मिळतो, पॅरलल इंडिकेटरला न्यूट्रल लागते आणि बऱ्याच स्विच बोर्डात न्यूट्रल आलेलीच नसते, नुसती फेज येते आणि स्विचमधून दिव्याकडे जाते. करंटवरचा इंडिकेटर त्या एकाच वायरमध्ये सिरीजमध्ये, म्हणजे करंटच्या वाटेतच, बसतो, नवीन वायर ओढायची गरजच नाही.

पुढचं वाचण्याआधी एक गोष्ट. हे मेन लाइनचं काम आहे. एमसीबी खाली पाडून, टेस्टर आधी चालू पॉइंटवर तपासून, मग आपल्या वायरवर लावून, लाइन खरंच गेली आहे याची खात्री झाल्याशिवाय हात घालायचा नाही. पक्क्या वायरिंगला हात लावायला बऱ्याच ठिकाणी लायसन्सवाला इलेक्ट्रिशियन लागतो, तसं असेल तर टेबलावरचं जोडकाम तुम्ही करा आणि बोर्डात बसवायचं काम त्याच्याकडून करून घ्या.

आता आयडिया काय आहे ते. एलईडी लागायला दोनेक व्होल्ट लागतात आणि करंट अगदी थोडा, आजकालच्या ब्राइट लाल एलईडीला एक-दोन मिलीअँप पुरतात. दिव्याचा करंट त्याच्या शेकडो पट. १०० वॅटचा फिलामेंट बल्ब २३० व्होल्टवर साधारण ०.४३ अँप घेतो. तर या करंटच्या वाटेत असं काहीतरी ठेवायचं की ज्याच्यावर दोन-तीन व्होल्ट पडतील, बस एवढेच, आणि ते दोन-तीन व्होल्ट एलईडीला द्यायचे. पहिला विचार रेझिस्टन्सचा येतो. ०.४३ अँपवर ३ व्होल्ट हवे तर ७ ओहम टाका. पण मग तिथे ४० वॅटचा बल्ब लावला तर ड्रॉप (त्याच्यावर पडणारं व्होल्टेज) १.२ व्होल्टवर येतो आणि एलईडी लागतच नाही, २०० वॅट लावला तर ड्रॉप दुप्पट आणि रेझिस्टन्स तापायला लागतो, म्हणजे दर वेळी बल्ब बदलला की हिशोब बदलला. रेझिस्टन्स इथे चालत नाही.

डायोड, म्हणजे करंट एकाच दिशेने सोडणारा भाग, चालतो, आणि तो का चालतो हे समजून घेण्यासारखं आहे कारण सगळी मजा तिथेच आहे. सिलिकॉन डायोडमधून करंट जाताना त्याच्यावर साधारण ०.७ व्होल्ट पडतो, आणि करंट दहापट केला तरी तो ड्रॉप थोडासाच वाढतो, ०.७ चा ०.८, फार तर ०.९. म्हणजे ९ वॅटचा एलईडी बल्ब असो की १०० वॅटचा फिलामेंट, एका ओळीत चार डायोड ठेवले तर त्यांच्यावर पावणेतीन ते साडेतीन व्होल्टच्या आसपास मिळतं. लाल एलईडीला १.८ ते २ व्होल्ट लागतात, उरलेलं एका छोट्या रेझिस्टन्सवर जातं, काम झालं. तीन डायोडवर कमी करंटला जेमतेम २.१ व्होल्ट मिळतात, एलईडी मिणमिणतो, म्हणून चार घ्या. निळा किंवा पांढरा एलईडी हवा असेल तर त्याला ३ व्होल्टच्या आसपास लागतात, मग पाच-सहा डायोड होतात आणि उगाच उष्णता वाढते, मी लालच वापरतो.

पण लाइन एसी आहे, करंट दोन्ही दिशेने जातो, आणि डायोड एकाच दिशेने सोडतो. नुसती चार डायोडची ओळ टाकली तर दिव्याला अर्धाच करंट मिळेल. म्हणून उलट दिशेने जायला दुसरी वाट द्यायची. सगळ्यात साधी रचना अशी: दोन टोकं धरा, अ आणि ब. अ कडून ब कडे जाणारे चार डायोड सिरीजमध्ये. त्यांना पॅरलल, उलटा, ब कडून अ कडे जाणारा एक डायोड. आणि त्यांना पॅरलल, अ कडून ब कडे, १०० ओहमचा रेझिस्टन्स आणि एलईडी. एका हाफ सायकलला (करंट एका दिशेने जातो तेवढा वेळ) करंट चार डायोडमधून जातो, तीनेक व्होल्ट तयार होतात, एलईडी लागतो, दुसऱ्या हाफ सायकलला करंट त्या एकट्या डायोडमधून परत जातो आणि एलईडीवर उलटा फक्त पाऊण-एक व्होल्ट येतो, एलईडी साधारण ५ व्होल्ट उलटं सहन करतो त्यामुळे त्याला काही होत नाही. ५० हर्ट्झवर एलईडी सेकंदाला ५० वेळा लागतो-विझतो, समोर बघताना तो स्थिरच दिसतो, मान झटकन फिरवली तर ठिपके दिसतील तेवढंच.

ही एकतर्फी रचना साध्या बल्बला ठीक आहे. पण पुढे ट्रान्सफॉर्मर असेल, म्हणजे १२ व्होल्टचे हॅलोजन वगैरे, तर हे वापरू नका. एका दिशेला तीन व्होल्ट ड्रॉप आणि दुसऱ्या दिशेला एकच, या फरकामुळे सरासरी एखाद-सव्वा व्होल्ट डीसी लाइनमध्ये घुसतं. बल्बला त्याने काही फरक पडत नाही पण ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीचा (लाइनकडच्या वायंडिंगचा) रेझिस्टन्स फार कमी असतो, तेवढ्या डीसीने कोअर एका बाजूला सॅच्युरेट व्हायला लागतो (लोखंडाची चुंबकत्व घ्यायची मर्यादा संपते), घूं आवाज येतो आणि तो तापतो, टोरॉइड (गोल कडीसारखा ट्रान्सफॉर्मर) असेल तर जास्तच. तिथे दोन्ही दिशेला चार-चार डायोड टाका, एकूण आठ. मी तर आता सगळीकडे आठच टाकतो, पुढे कधी कोण काय लावेल सांगता येत नाही.

आठ डायोड जोडायचा कंटाळा असेल तर एक छान वाट आहे. तयार ब्रिज रेक्टिफायर, म्हणजे एकाच डबीत चार डायोड, घ्यायचा आणि त्याची प्लस आणि मायनस टोकं एकमेकांना शॉर्ट करायची. मग त्याच्या दोन एसी टोकांमधून करंट कुठल्याही दिशेने गेला तरी वाटेत दोन डायोड लागतातच. असे दोन ब्रिज सिरीजमध्ये जोडले की दोन्ही दिशेला चार डायोड ड्रॉप. केबीपीसी-३५१० हा ३५ अँप, १००० व्होल्टचा चौकोनी ब्रिज मिळतो, मधे स्क्रूचं भोक असतं, त्याला डायोडसारखं वाकवत बसायला लागत नाही आणि टर्मिनलला सरळ लग लावता येतात. आतले डायोड मोठे असल्यामुळे त्यांच्यावर ड्रॉप जरा कमी येतो, म्हणून एलईडीसोबत १०० ऐवजी ४७ ओहम लावा.

सुटे डायोड घेणार असाल तर कुठला घ्यायचा यावर थोडं थांबतो, कारण चूक इथेच होते. ०.४३ अँपचा लोड आहे म्हणून लोक १ अँपचा १एन४००७ लावतात. हिशोबाने तो पुरतो. पण फिलामेंट थंड असताना त्याचा रेझिस्टन्स गरम असतानाच्या दहाव्या-पंधराव्या हिश्शाएवढाच असतो, १०० वॅटचा बल्ब गरम असताना ५२९ ओहम आणि थंड असताना चाळीसच्या आसपास, म्हणजे स्विच दाबल्याच्या क्षणाला सहा-आठ अँपचा धक्का बसतो. तोही १एन४००७ झेलतो, त्याची एका हाफ सायकलची सर्ज क्षमता (क्षणभराचा धक्का झेलायची ताकद) ३० अँप आहे. पण फिलामेंट बल्ब उडताना कधीकधी आत आर्क बसतो, तो चर्र आवाज आणि निळसर भपका तुम्ही पाहिला असेल, एमसीबी पडते ती त्यामुळेच, आणि तेव्हाचा करंट यापेक्षा कितीतरी जास्त असू शकतो. म्हणून ३ अँपचा १एन५४०८ घ्या, त्याची सर्ज क्षमता २०० अँप आहे, आकाराने थोडा जाड, पाय जाड, बाकी काही फरक नाही.

डायोड बहुतेक वेळा मरताना शॉर्ट होऊन मरतो. तसं झालं तर एलईडी मंद होतो किंवा विझतो आणि दिवा चालूच राहतो, म्हणजे मोठं नुकसान नाही. एलईडी स्वतः उडाला तरी दिव्याला काही होत नाही, करंट डायोडमधून जातोच आहे. घातक गोष्ट एकच, ओळीतला एखादा सांधा उघडा पडणं. तसं झालं तर तो सगळा करंट एलईडीमधून जायला बघतो आणि एलईडी फुटतो, किंवा उलट्या बाजूची वाट तुटली तर एलईडीवर अख्ख्या लाइनचं उलटं व्होल्टेज येतं, २३० ला शिखर ३२५ व्होल्ट. म्हणून या सर्किटमध्ये सगळ्यात महत्त्वाचा भाग डायोडही नाही आणि एलईडीही नाही, सोल्डरिंग आहे.

ही आयडिया काही नवीन नाही. जुन्या व्हॉल्व्हच्या (हीटरने तापणाऱ्या काचेच्या नळ्यांच्या) रेडिओत, ज्यांच्यात ट्रान्सफॉर्मर नसायचा आणि सगळ्या व्हॉल्व्हचे हीटर १५० मिलीअँपवर एका सिरीजमध्ये असायचे, त्यात ३५झेड५ नावाचा रेक्टिफायर व्हॉल्व्ह असायचा, त्याच्या हीटरला मधूनच एक टॅप काढलेला असायचा आणि डायलचा छोटा बल्ब त्या टॅपवर जोडलेला, म्हणजे बाकीच्या सर्किटच्या करंटवर दिवा लागायचा. तिथे मात्र डायलचा बल्ब उडाला की हीटरच्या त्या तुकड्यावर जास्तीचा करंट यायचा आणि तो तसाच चालवला तर काही दिवसांनी व्हॉल्व्हही जायचा, म्हणून डायल बल्ब लगेच बदला असं सांगितलं जायचं. आपल्याकडे डायोडमुळे ही भानगड नाही.

आता प्रत्यक्ष जोडणी. सामान एवढंच: आठ १एन५४०८, एक लाल ५ मिमी ब्राइट एलईडी, १०० ओहमचा पाव वॅटचा रेझिस्टन्स, १ किलोओहमचा एक रेझिस्टन्स (तो कशाला ते पुढे येतं), १ स्क्वेअर एमएमची वायर, हीट श्रिंक स्लीव्ह (तापवली की आवळणारी नळी), आणि एलईडीसाठी प्लास्टिकचा होल्डर, मेटलचा नको.

डायोडच्या एका टोकाला रुपेरी पट्टी असते, तो कॅथोड, करंट पट्टीच्या बाजूने बाहेर पडतो. चार डायोड एका रेषेत ठेवा, सगळ्यांच्या पट्ट्या उजवीकडे. दुसरे चार त्यांच्याखाली, सगळ्यांच्या पट्ट्या डावीकडे. प्रत्येक सांध्यावर दोन्ही पाय आधी पक्कडीने आकडा करून एकमेकांत अडकवा, ओढून बघा, नुसत्या ओढण्याने निघत नाही ना, आणि मगच सोल्डर करा, म्हणजे सोल्डर उद्या कितीही तापलं तरी सांधा उघडणार नाही. १एन५४०८ चे पाय जाड असतात, २५ वॅटच्या सोल्डरिंग आयर्नने ते तापतच नाहीत आणि वर नुसता गोळा बसतो, आतून कोरडा, म्हणून ४०-६० वॅटचं आयर्न घ्या. सांधा चकचकीत आणि पायावर पसरलेला दिसला पाहिजे, थेंबासारखा वर बसलेला असेल तर परत करा. दोन्ही ओळींची डावी टोकं एकत्र, उजवी टोकं एकत्र, तिथून वायर बाहेर. डावं टोक अ, उजवं ब.

एलईडीचा लांब पाय, म्हणजे ॲनोड, १०० ओहममधून अ ला, आखूड पाय ब ला. आठ डायोडच्या रचनेत एलईडी उलटा लागला तरी चालतो, तो फक्त दुसऱ्या हाफ सायकलला लागेल. पाच डायोडच्या एकतर्फी रचनेत मात्र एलईडी चार डायोडच्याच दिशेने हवा, उलटा लावला तर त्याला सुलट दिशेने पाऊण-एक व्होल्टच मिळतो, जळत नाही पण लागतही नाही, आणि माणूस उगाच एलईडी बदलत बसतो. उजेड जास्त हवा असेल तर आठवाल्या रचनेत दोन एलईडी एकमेकांना उलटे लावा, प्रत्येकाला वेगळा १०० ओहम, दोघं आळीपाळीने लागतात.

१ किलोओहमचा रेझिस्टन्स सरळ अ आणि ब च्या मधे. प्रत्येक उघड्या सांध्यावर स्लीव्ह चढवा, एलईडीच्या पायांवरसुद्धा.

एलईडीच्या पायांबद्दल वेगळं सांगतो. मल्टिमीटर घेऊन चालू सर्किटमध्ये एलईडीच्या बाजूला अ आणि ब मधे मोजलं तर मीटर दोन-तीन व्होल्ट दाखवतं. हे बघून माणूस बिनधास्त होतो. मीटरचं एक टोक तसंच ठेवून दुसरं टोक अर्थिंगला लावा, आकडा सरळ २३०. एलईडीचे दोन पाय एकमेकांपासून तीन व्होल्टवर आहेत, पण दोघंही मिळून फेजवर बसलेले आहेत, त्यांना बोट लागलं तर शॉक फेजचाच बसणार. म्हणून मेटलचा होल्डर नको, मेटलची प्लेट नको, एलईडीचं डोकं भोकातून घट्ट बाहेर यावं आणि मागे पाय पूर्ण झाकलेले असावेत.

लाइनला जोडण्याआधी टेबलावर टेस्ट करा. १२ व्होल्टची बॅटरी आणि गाडीचा १२ व्होल्ट ५ वॅटचा पार्किंग बल्ब घ्या, हा बल्ब ०.४२ अँप घेतो, म्हणजे २३० व्होल्टवरच्या १०० वॅटच्या बल्बएवढाच जवळपास, त्यामुळे डायोडना आणि एलईडीला लाइनवर जो करंट मिळणार त्याच्या जवळचाच करंट इथे धोक्याशिवाय मिळतो. बॅटरी, आपलं जोडकाम, बल्ब, सगळं सिरीजमध्ये. बल्ब लागेल, नेहमीपेक्षा बराच मंद, कारण बारामधले तीन व्होल्ट डायोडनी खाल्ले, आणि एलईडी एका दिशेने लागेल. बॅटरीची टोकं उलटी करा, बल्ब लागला पाहिजे, एलईडी विझला पाहिजे. एका दिशेने बल्ब लागला आणि दुसऱ्या दिशेने नाही, तर कुठलातरी डायोड उलटा बसलाय. दोन्ही दिशेने बल्ब पूर्ण उजळ आणि एलईडी बंद, तर कुठेतरी शॉर्ट. जोडणी पाच मिनिटं चालू ठेवा, मग बॅटरी काढून डायोड हाताने बघा, कोमट लागले पाहिजेत, चटका नाही, आणि एखादा सांधा बाकीच्यांपेक्षा गरम लागला तर तो कोरडा आहे.

बोर्डात बसवताना जागा कुठली? स्विचमधून दिव्याकडे जाणारी जी वायर आहे ती स्विचच्या टर्मिनलमधून काढा, तिथे आपली अ ची वायर लावा, आणि काढलेली वायर कनेक्टरने ब ला जोडा. फेजच्या बाजूला घालायचं असेल तर आधी नीट बघा, बऱ्याचदा फेज एका स्विचवरून दुसऱ्या स्विचला लूप केलेली असते, लूपच्या आधी बसवलं तर त्या ओळीतला पंखा चालू केला तरी इंडिकेटर लागेल. टू-वे स्विचचा जिना असेल तर ही पद्धत फारच उपयोगी पडते. सिरीज सर्किटमध्ये करंट सगळीकडे तोच असतो, त्यामुळे खालच्या स्विचला येणाऱ्या फेजमध्ये एक आणि वरच्या स्विचमधून दिव्याकडे जाणाऱ्या वायरमध्ये एक, असे दोन इंडिकेटर बसवले की दोन्ही मजल्यांवर कळतं, मधल्या वायरिंगला हात न लावता. दोन्ही मिळून सहा-सात व्होल्ट जातात, २३० मध्ये चालून जातं.

ड्रॉपमुळे दिव्याचा उजेड कमी होतो का, हे लोक हमखास विचारतात. एका इंडिकेटरचे तीन व्होल्ट म्हणजे २३० च्या १.३ टक्के. फिलामेंटचा उजेड व्होल्टेजच्या साधारण साडेतीनाव्या घाताने बदलतो, म्हणजे उजेड चार-पाच टक्के कमी, डोळ्याला कळत नाही. एलईडी बल्बमधला ड्रायव्हर बहुतेक वेळा तेवढं आपणच सांभाळून घेतो.

एलईडी बल्बचं मात्र वेगळं एक प्रकरण आहे. एक म्हणजे तो करंट सलग घेत नाही, बहुतेक स्वस्त बल्ब व्होल्टेजच्या शिखराजवळ एक छोटा झटका घेतात आणि बाकी वेळ गप्प, त्यामुळे इंडिकेटर फिलामेंटच्या मानाने मंद दिसतो. १०० ओहमच्या जागी ४७ टाका आणि ब्राइट एलईडी घ्या, भागतं. दुसरं जास्त त्रासाचं आहे. स्विच बंद असतानाही इंडिकेटर किंचित उजळ दिसतो, रात्री अंधारात स्पष्ट दिसतो. स्विचमध्येच अंधारात दिसणारा निऑन असेल तर स्विच बंद असताना त्याचा अर्धा-एक मिलीअँप करंट दिव्यातून आणि आपल्या इंडिकेटरमधून जात असतो, किंवा लांब वायर शेजारच्या चालू वायरला चिकटून गेली असेल तर नुसत्या कपॅसिटन्समधून थोडा करंट येतो, मोबाइलवरून चालणारे स्मार्ट बल्ब तर विझलेले असतानाही थोडा करंट घेतच राहतात. एवढ्या कमी करंटला चार डायोड उघडतच नाहीत, तो सगळा एलईडीतूनच जातो आणि ब्राइट एलईडी एवढ्यावरही लागतो. तो १ किलोओहम याच्यासाठी आहे. एक मिलीअँप त्यातून गेला तर एक व्होल्ट, शिखराला १.४, एलईडी १.७-१.८ च्या खाली लागत नाही. दिवा चालू असताना तो फक्त तीनेक मिलीअँप खातो, त्याने काही बिघडत नाही. तरीही उजळ दिसला तर १ किलोच्या जागी ४७० ओहम लावून बघा.

एका सर्किटवर तीन-चार बल्ब असतील तर त्यातला एक उडालेला या इंडिकेटरला कळणार नाही. बाकीच्यांचा करंट आहे तोवर तो लागणारच, आणि डायोडचा ड्रॉप करंटनुसार फारसा बदलत नाही हा जो गुण आपण वापरला त्याच गुणामुळे एलईडीचा उजेडही फारसा बदलत नाही. एका दिव्याला एक इंडिकेटर हेच बरोबर.

मोठ्या लोडला डायोड नकोत. ५०० वॅटचा हॅलोजन २.२ अँप घेतो, चार डायोडच्या ड्रॉपवर सात वॅटच्या आसपास उष्णता होते, आणि ती बंद प्लास्टिकच्या बॉक्समध्ये. १०० वॅटला ही उष्णता सव्वा वॅटच्या आसपास असते, ती चालते. मी स्वतः २०० वॅटच्या वर डायोड वापरत नाही.

तिथे करंट ट्रान्सफॉर्मर, सीटी. छोटी रिंग, तिच्यावर बारीक तारेचे हजारभर वेढे, मधल्या भोकातून दिव्याची वायर जाते. एकदा गेली म्हणजे एक वेढा. १००० वेढ्यांच्या सीटीतून २.२ अँपची वायर एकदा गेली तर बारीक वायंडिंगमध्ये २.२ मिलीअँप मिळतात, एलईडीला पुरेसे. ४० वॅटच्या बल्बचे ०.१७ अँप असतील तर वायर भोकातून दहा वेळा फिरवून घ्या, १.७ मिलीअँप मिळतात. यात वाया जाणारं व्होल्टेज नगण्य, उष्णता नाही, आणि सगळ्यात चांगलं म्हणजे एलईडीची बाजू लाइनपासून पूर्ण वेगळी, त्यामुळे एलईडी बारीक वायरने लांब नेता येतो. खरं सांगायचं तर एलईडी कोणाच्या हाताशी येणार असेल तर लोड छोटा असला तरी मी सीटीच वापरेन.

सीटीत तीन गोष्टी सांभाळायच्या. एलईडीच्या उलटा दुसरा एलईडी किंवा १एन४१४८ डायोड लावायचाच, दोन्ही हाफ सायकलला करंटला वाट हवी, आणि सीटीची सेकंडरी, म्हणजे ती बारीक वायंडिंग, कधीही उघडी सोडायची नाही, उघडी राहिली की तिच्यावर जास्त व्होल्टेज तयार होतं. दुसरं, भोकातून एकच वायर जायला हवी, फेज आणि न्यूट्रल दोन्ही असलेली अख्खी केबल घातली तर दोघांचे परिणाम एकमेकांना मारतात आणि एलईडी लागत नाही. तिसरं, जुन्या पॉवर सप्लायमधली काळी-हिरवी फेराइट रिंग उचलून तिच्यावर वेढे मारू नका, ५० हर्ट्झला ती फारच कमी पडते, सिलिकॉन स्टीलची किंवा नॅनोक्रिस्टलाइन कोअर हवी. कोअरचा छेद २० चौरस मिमी, १००० वेढे, १ टेस्ला धरलं तर ५० हर्ट्झला साधारण ४.४ व्होल्ट मिळू शकतात, एलईडीला दोन हवेत, म्हणजे यापेक्षा फार छोटी रिंग नको. क्लॅम्पसारखा उघडणारा एससीटी-०१३-००० पण चालतो, तो २००० ला १ असल्यामुळे १०० वॅटच्या बल्बला दहा वेढे घ्या. त्याच सिरीजमधले काही मॉडेल आत रेझिस्टन्स घातलेले असतात आणि एक व्होल्ट आउटपुट देतात, त्यावर एलईडी लागत नाही, घेताना बघून घ्या.

गाडीच्या १२ व्होल्टला यातलं काहीच नाही. सीटी डीसीवर चालत नाही, आणि चार डायोड लावले तर १२ मधले तीन गेले, फिलामेंटचा उजेड चाळीस टक्क्यांच्याही खाली येतो, टेबलावरच्या टेस्टमध्ये हे डोळ्यांनी दिसलंच असेल. तिथे रीड स्विच वापरा, काचेच्या नळीत बंद असलेला, चुंबकाने लागणारा स्विच. काचेच्या छोट्या नळीवर दिव्याचीच जाड वायर वीसेक वेढे गुंडाळायची, २१ वॅटचा ब्रेक लाइट पावणेदोन अँप घेतो, म्हणजे ३५ अँपिअर-टर्न, बरेचसे छोटे रीड स्विच त्यात ओढले जातात, नाही ओढला गेला तर पाच-दहा वेढे वाढवा. आतला कॉन्टॅक्ट लागला की डॅशबोर्डवरचा एलईडी १२ व्होल्टवरून ६८० ओहममधून वेगळा लावा. दिव्यावर ड्रॉप जवळपास शून्य.

सगळं बसवून झालं, प्लेट लावली, लाइन दिली, दिवा लागला, इंडिकेटर लागला, तरी अजून एक गोष्ट करायची. लाइन बंद करून दिव्याचा बल्ब होल्डरमधून काढा, मग लाइन देऊन स्विच ऑन करा आणि इंडिकेटर बघा. तो काळा राहिला पाहिजे. आणि प्लेटच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवा, "दिव्याच्या वायरमध्ये डायोड सिरीजमध्ये आहेत, एलईडी फेजवर आहे", पुढे कोणीतरी हा बोर्ड उघडेल तेव्हा त्याच्या नजरेला ते आधी पडलं पाहिजे.